वहिनीचे चार दिवस

सुनंदावहिनीच्या घरात खाण्यापिण्याला कधी तोटा नव्हता. कारंज्याच्या बाजारात कापडाचं दुकान, घरात धान्याच्या कोठ्या, देवळात मान. तोटा होता तो वहिनीच्या अंगातल्या रक्ताचा. लग्नानंतर पाच वर्षांत तीन बाळंतपणं झाली. पहिल्या दोन पोरी. तिसरा मुलगा, तो सातव्या महिन्यातच आला आणि रडलाच नाही. त्या वेळी वहिनीचं रक्त थांबेना. अकोल्याला नेईपर्यंत गाडीची सीट भिजली, खाली अंथरलेली सतरंजी भिजली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी बाटल्यांवर बाटल्या लावून तिला परत आणलं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा दिवस गेले तर माझ्याकडे आणू नका, मी काही देव नाही.

घरी हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर तं म्हणतेच."

पोरगा झाल्याशिवाय ऑपरेशन नाही, हा त्यांचा शब्द. तो शब्द कोणी मोडत नसे.

मी त्या घरात आले ती या सगळ्यानंतर. कॉलेजसाठी खोली पाहिजे होती. आमचं गाव रिसोड तालुक्यातलं, आईवडील दुसऱ्याच्या शेतात जाणारे, आणि आमच्या अख्ख्या खानदानात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे, आताही सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. भाऊंनी, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, मला अंगणातली मागची खोली दिली. तिला लागून आणखी एक खोली होती, तिच्यात एक लोखंडी पलंग, एक ताट, एक तांब्या. ती त्या घरातली दूर बसायची खोली. जैन घर, सोवळ्याओवळ्याचं. पाळी आली की बाईनं चार दिवस तिकडं राहायचं, स्वयंपाकघराकडं फिरकायचं नाही.

म्हणून माझी आणि वहिनीची ओळख झाली ती महिन्यातल्या चार दिवसांची. एरवी ती घरात कामाला जुंपलेली असायची. पाणी गाळणं, सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं, पोरींच्या वेण्या, बाबूजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, औषधपाणी. बोलायला सापडायची नाही. चार दिवस मात्र ती माझ्या शेजारी. मधली भिंत इतकी पातळ की ती कूस बदलायची तर मला कळायचं.

पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती चौकटीला टेकून बसली होती. गोरी, पण दुधात पाणी जास्त झाल्यासारखी. मी बॅग ठेवता ठेवता म्हटलं, "वहिनी, दमल्या का?"

"थकली नाही वं. बसली हाओ फक्त."

हे तिचं वाक्य. पुढं मी ते किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. जिना चढून आली, श्वास लागला, की "बसली हाओ फक्त." ताप असला तरी तेच. थोड्या वेळानं तिनं मला हाक मारली आणि हळूच विचारलं, तुझ्या डब्यात तांदूळ आहेत का. मूठभर दिले. पदरात घेऊन ती ते कच्चेच चावत बसली, कट् कट् आवाज करत. मला वाटलं भूक लागली असेल. नंतर कळलं, अंगात रक्त कमी असलं की बायकांना असं काहीतरी खावंसं वाटतं. आमच्या आईला चुलीची माती खावीशी वाटायची. तिला पाच झाले, त्यातले दोन गेले, आणि बाळंतपणानंतर अंगातली शिणवट जायच्या आत ती निंदणाला गेलेली आहे. म्हणून ते तांदूळ चावणं मी ओळखलं पाहिजे होतं. पण माणूस शिकायला लागलं की घरातलं आधी विसरतं.

वहिनीला कापडाची फार ओळख. माझा दुपट्टा दोन बोटांत धरून सांगायची, हे एका धुण्यात जाणार. माणसांनाही तशीच चिमटीत धरून बघायची आणि सोडून द्यायची. भाऊंबद्दल म्हणायची, "चांगलं सुती हाये, पण कलप नाही." कलप म्हणजे खळ, ती नसली की कापड ताठ उभं राहत नाही. ते खरंच होतं. भाऊ सज्जन माणूस, आईसमोर मात्र पाहुण्यासारखे बसायचे.

बोलता बोलता तिला झोप लागायची. मी तिला माझा इतिहासाचा धडा वाचून दाखवायचे, ती मध्येच विचारायची, "मंग राणीचं काय झालं?" मी सांगेपर्यंत ती घोरत असायची. मला राग यायचा. एकदा म्हटलं, चार दिवस कोंडून ठेवतात तुम्हाला, तुम्ही भांडत का नाही? आमच्या गावात सोयाबीनच्या सोंगणीला कोणी विचारत नाही बाहेरची का आतली. तिनं डोळे न उघडता उत्तर दिलं.

"लोकायले विटाळ, मले सुट्टी. सुट्टीसाठी कोन भांडते?"

सासूबाईंना सगळी गल्ली मोठ्या बाईच म्हणायची. त्यांना सुनेच्या तारखा तोंडपाठ. त्याचं त्यांना कौतुकही होतं. देवळाच्या पायरीवर बसून सांगायच्या, आमच्या सुनंदाची पाळी म्हणजे घड्याळ. बुधवार म्हटलं की बुधवार. आणि खरंच, वहिनी दर वेळी बुधवारीच दूर बसायची. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आपल्याला काय करायचं?

कळलं ते बाबूजींच्या इन्सुलिनमुळं.

बाबूजींना साखर. रोजची सुई वहिनी द्यायची. मोठ्या बाईंना सुईची इतकी भीती की फ्रिजमधल्या त्या खोक्यालासुद्धा त्या हात लावत नसत. वहिनी दूर बसली की पंचाईत व्हायची. मी कॉलेजला जाणारी, हुशार, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. वहिनीनं पलंगावर बसून मला उशीवर सुई टोचायला शिकवलं. फ्रिज मधल्या खोलीत होता, त्यामुळं माझं जाणं चालायचं, तरी मोठ्या बाई दर वेळी दारातच विचारायच्या, "तू तं नाही ना बाहेर?" मी नाही म्हणायचे. दर वेळी नाहीच म्हणायचे.

एक दिवस खोक्याबरोबर मागून एक चपटी, चांदीच्या कागदासारखी पुडी हातात आली. मला वाटलं बाबूजींचंच काहीतरी नवीन. सुई देऊन झाल्यावर पुडी घेऊन वहिनीकडं गेले. तिनं पाहिलं, माझ्या मागं अंगणात कोणी आहे का ते पाहिलं, आणि म्हणाली, "ठेव परत. उन्हाळ्यात खराब होते."

"काय आहे हे?"

"बांगडी हाये. फक्त कोनाले दिसत नाही."

मग तिनं सांगितलं, वरणाला फोडणी कशी द्यायची ते सांगावं तितक्या साध्या आवाजात. आत एक मऊ रिंग असते, लहान पोरीच्या हातातल्या बांगडीएवढी. ती बाईनं आपल्या हातानं आत, योनीत ठेवायची. तीन आठवडे ठेवायची, एक आठवडा काढायची, मग नवी. तिच्यातून औषध झिरपतं आणि दिवस जात नाहीत. रविवारी काढली की बुधवारी पाळी येते, म्हणून ते मोठ्या बाईंचं घड्याळ. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब वगैरे सगळं तपासून दिली होती. भाऊ अकोल्याला माल आणायला जायचे तेव्हा मेडिकलवाल्यानं मागवून ठेवलेली पुडी कापडाच्या गठ्ठ्यात घालून आणायचे. तेवढं एक काम त्या माणसानं कधी चुकवलं नाही, हे लिहायला पाहिजे.

आधी तांबी बसवून पाहिली होती. तिनं रक्त इतकं जायला लागलं की चार दिवसांचे आठ झाले, मोठ्या बाईंच्या लक्षात आलं, काढावी लागली. मग गोळ्या. गोळ्यांचं पाकीट धाकटीनं खेळायला घेतलं आणि आजीच्या मांडीवर नेऊन ठेवलं. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही.

मी विचारलं, पडत नाही का? म्हणाली, "पडली एकदा न्हानीत. थंड पाण्यानं धुतली, परत ठेवली. तू काय असं तोंड करून राह्यली? चष्मा पडला तं तू धूत नाही?"

सुट्टीत गावी गेले तेव्हा आईला सांगितलं, असं असं असतं म्हणून. आई भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "असं असते का वं," एवढंच म्हणाली. मग बऱ्याच वेळानं, भाकरी उलटताना, "आमाले कोनी सांगतलंच नाही."

भादव्यात जैनांचं पर्व असतं, दहा दिवसांचं. उपास, पूजा, देवळात गर्दी. त्या दहा दिवसांत घरातली बाई दूर बसलेली मोठ्या बाईंना चालत नसे. पर्वाच्या आधी त्या स्वतः मेडिकलमध्ये जाऊन पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायच्या आणि सुनेच्या हातावर ठेवायच्या. गावातल्या कितीतरी घरांत हेच चालतं, कुठं गौरीसाठी, कुठं लग्नासाठी. वहिनीला त्या गोळ्यांची गरज नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, मधला आठवडा न सोडता लगेच नवी ठेवली तर पाळी येत नाही. तिनं तसंच केलं आणि गोळ्या मला दिल्या, कॉलेजकडं जाताना टाकून दे म्हणून. देताना हसली. तिचं हसू असं यायचं की आल्याचा तिलाच शीण व्हायचा.

"पाह्य बरं. देवासाठी ढकलली तं पुण्य. माह्यासाठी ढकलली तं पाप."

पर्व झालं. त्या वेळी तपासणीत तिचं रक्त फारच कमी निघालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशीच सलग काही महिने चालू ठेवा, जातं ते तरी थांबेल. वहिनीनं ठेवली. सासूबाईंनी विचारलं तर सांगू, गोळ्यांनी तारीख चुकली, असा तिचा विचार. पण मोठ्या बाईंनी विचारलंच नाही. पहिला बुधवार गेला, पुढच्या महिन्याचा गेला. शेजारची खोली रिकामी राहिली. मलाही करमेना.

मोठ्या बाई विचारत नव्हत्या, कारण त्यांनी ताडलं होतं. आणि जे ताडलं ते तोंडातून काढलं तर दृष्ट लागते, मागच्या वेळी लागलीच होती, म्हणून सगळं मुक्यानं चाललं होतं. वहिनीच्या आधी उठून त्या स्वतः पाणी गाळायला लागल्या. डिंकाचे लाडू केले. दुपारी पोरी आईजवळ गेल्या की त्यांना दटावून बाहेर काढायच्या, निजू दे तिला. वहिनीला बिचारीला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा अंगणात माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मंगल, लग्न होऊन आली तवापासून माह्यासाठी कोनी पाणी गाळलं नोतं वं."

मी म्हटलं, सांगून टाका. उशीर होईल तितकं वाईट.

"सांगतो. दोन दिवस निजू दे."

दोन दिवसांचे किती झाले कोणास ठाऊक. मी तिला दोष देत नाही. लाडू खाऊन, दुपारी झोपून तिच्या गालावर थोडा रंग आला होता. तांदूळ मागायची बंद झाली होती. पण रोज लाडू खाताना ती दाराकडं पाहायची, चोरी करणाऱ्या माणसासारखी.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. घराघरात पेट्या उघडून कपडे उन्हात टाकायचे दिवस. मी दोरीवरचे माझे कपडे काढत होते. त्याच दोरीच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या बाईंनी एक कुंची वाळत घातली. पिवळ्या रेशमाची, कडेला लाल पट्टी. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः शिवली होती; ती घालायची वेळच आली नाही. पेटीच्या तळातून काढून, झटकून त्यांनी ती दोरीवर टाकली आणि खाटेवर बसून तिच्याकडं पाहत राहिल्या.

वहिनी बाहेर आली. कुंची दिसल्यावर ती उंबऱ्यातच थांबली. मग सावकाश चालत गेली, कुंची काढली, कापड दोन बोटांत धरून पाहिलं, घडी केली आणि सासूबाईंच्या पुढ्यात धरली.

"आई, हे ठेवून द्या."

"काहून? ऊन लागू दे त्याले."

"माह्या पोटात काही नाही."

मोठ्या बाईंनी वर पाहिलं. "तारीख तं..."

"तारीख मी थांबवली."

ती आत गेली आणि फ्रिजमधून ती पुडी घेऊन आली. खाटेवर, सासूबाईंच्या बाजूला ठेवली. काय आहे, कशी ठेवतात, कोणी आणली, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी कपडे छातीशी धरून उभी. निघून जावं तर त्यांच्या समोरून जावं लागणार.

मोठ्या बाईंनी पुडीला हात लावला नाही. "हे बाबूजीच्या औषधाजवळ ठेवत होती?"

"हो. तठी तुमचा हात जात नाही म्हणून."

"आन म्या देल्या त्या गोळ्या?"

"फेकल्या."

भाऊ दुकानात होते, पोरी शाळेत. अंगणात आमच्या तिघींशिवाय कोणी नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, या घरात एकच दिवा मागितला होता, तोही तुले जड झाला. हे मात्र त्या फार कडवट बोलल्या. वहिनी खाटेच्या कडेला बसली. सासूसमोर खाटेवर बसलेली मी तिला तेव्हाच पाहिली.

"आई, मागच्या वेळी तुमीच माह्या उशाशी होत्या. गाडीत माह्याखालचे कपडे तुमीच बदलले. तुमाले माहीत हाये किती रक्त होतं ते. मले पुन्हा तठी जायचं नाही. माह्या दोन पोरी हायेत, त्यायले माय पायजे."

मोठ्या बाई कुंची घेऊन उठल्या आणि आत गेल्या. पेटीचं झाकण लागल्याचा आवाज मी ऐकला.

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. सकाळचं पाणी पुन्हा वहिनीच गाळायला लागली. लाडवांचा डबा फळीवर तसाच राहिला. ना कोणी काढला, ना कोणी खाल्ला. भाऊंनी एकदा आईसमोर तोंड उघडलं म्हणे, "मीच आणत होतो," असं. कलप नसलेल्या माणसासाठी ते पुष्कळ होतं. दिवाळी आली, दिवे लागले, तरी घर सुतकासारखं. वहिनी मला म्हणाली, मले माहेरी पाठवतील असं दिसते. ते ती भाजी संपली असं सांगावं तसं म्हणाली.

मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्याप्रमाणं तिनं रविवारी रिंग काढली आणि बुधवारी ती माझ्या शेजारच्या खोलीत आली. त्या संध्याकाळी मी बाबूजींची सुई द्यायला घरात गेले. दारात मोठ्या बाई. या वेळी त्यांनी मला बाहेर का आत ते विचारलं नाही. मी फ्रिज उघडला, खोक्याकडं हात नेला, आणि मागून त्यांचा आवाज आला.

"पुढचंच घेजो. मागचं हलवू नको, सुनंदाचं हाये ते."

मी वळून पाहिलं नाही. मला तेव्हा पाहवलंच नसतं. सुई देऊन परत आले तर वहिनीच्या उंबऱ्यावर ताट ठेवलेलं, वरणभात आणि कडेला एक डिंकाचा लाडू. मोठ्या बाई अंगणात लांब उभ्या राहून, दुसरीकडं पाहत बोलत होत्या, डॉक्टर रक्त कमी म्हणते तं खाल्लं पायजे, ठेवून ठेवून तूप वास मारते. वहिनीनं लाडू उचलला. निम्मा मला दिला. आपला निम्मा ती भिंतीला टेकून खात राहिली.

माफी कोणी कोणाची मागितली नाही. कुंची त्या पेटीतच आहे. मोठ्या बाई देवळाच्या पायरीवर पुन्हा कधी सुनेच्या तारखा सांगत बसल्या नाहीत, एवढाच फरक गल्लीला दिसला असेल. दिसला तर.

मी बी.ए. झाले, पुढचं शिकले, आता रिसोडला एका शाळेत शिकवते. मध्यंतरी कारंज्याला गेले होते. परतीची एसटी लागायची होती. स्टँडच्या बाकावर वहिनी दिसली, दोन्ही पोरी बाजूला. मोठी अमरावतीला होस्टेलला निघाली होती. तिची गादी दोरीनं बांधून पायाशी ठेवलेली. वहिनीच्या केसांत पांढरं आलंय. माझ्या साडीचा पदर तिनं दोन बोटांत धरला आणि मान हलवली, ठीक आहे, टिकेल. मी विचारलं, दमल्या का?

"दमली वं," ती म्हणाली. पहिल्यांदाच. "सकाळपासून सामान बांधून राह्यली या पोट्टीचं."

अकोल्याला ती रिंग मिळेनाशी झाली तेव्हा तिनं कायमचं ऑपरेशन करून घेतलं. दवाखान्यात तिच्या उशाशी मोठ्या बाईच बसल्या होत्या, असं तिनं बसमध्ये गादी चढवता चढवता सांगितलं. पोरगी खिडकीत बसली. बस हलल्यावर वहिनी धाकटीचा हात धरून उन्हात उभी राहिली, चौकटीला किंवा भिंतीला न टेकता, बस वळेपर्यंत.

त्या घरात चौथं बाळंतपण झालं नाही. दोन पोरी शिकतात. वहिनी जिवंत आहे.